शेंगापोळीची स्टाऊट

चाळीस वर्षांत देवासाठी रांधलेला एकही पदार्थ वेणीमाधव होटगीकरांनी देवाआधी चाखला नव्हता. यात विशेष काही नाही. नैवेद्य कुणीच चाखत नाही. पण बाकीचे आचारी मीठ अंदाजाने टाकतात आणि पुढचं देवाच्या सहनशक्तीवर सोडतात. वेणूकाका मीठ हुंगून सांगत. आमटीला उकळी फुटली की ते पातेल्यावर वाकत, डोळे मिटत, नाकाचा शेंडा जरासा डावीकडे नेत आणि म्हणत, "चिमूटभर कमी." तेवढी चिमूट पडे, आणि पंगतीत कुणाला मीठ मागून घ्यावं लागत नसे.

हे नाक सोलापूरच्या चादरीइतकं प्रसिद्ध नव्हतं, पण शुक्रवार पेठेपुरतं पुष्कळ होतं. बायका तुपाची बरणी घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहत. "काका, एवढं हुंगून बघा की." काका झाकण उघडत आणि सांगत, "तूप गाईचंच आहे, पण विरजण दोन दिवसांचं होतं." बाई तिथूनच तूपवाल्याशी भांडायला निघे. एका लग्नात काकांनी मांडवाच्या दारात चपला काढता काढताच "बासुंदी खाली लागलीय" असं जाहीर केलं होतं. त्या वेळी आचारी मांडवामागे तंबाखू मळत निवांत बसला होता. तो धावत गेला, पण उशीर झाला होता.

दोन वर्षांपूर्वी काका तापाने आठ दिवस पडून राहिले आणि उठले तेव्हा नाक गेलेलं होतं. म्हणजे जागेवर होतं, काम सोडलेलं होतं. महिनाभर जगाला वासच नव्हता. मग वास परतले, पण भलत्याच घरात शिरले. कोथिंबिरीला साबणाचा वास येई, साबणाला सडक्या कांद्याचा आणि उदबत्तीला जळक्या रबराचा. देवापुढे रोज सकाळी कुणीतरी सायकलचा टायर पेटवतंय असं वाटे. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. हळूहळू येईल जागेवर." किती हळूहळू, ते काही बोलले नाहीत.

पुढे बरेचसे वास ओळखीचे झाले. पण काकांचा नाकावरचा भरवसा गेला तो गेलाच. खरा वास कुठला आणि नाकाने मनानेच रचलेला कुठला, हे त्यांना कळेना. त्यांनी गुपचूप मोजायचे चमचे आणले. धोतराच्या कनवटीला बोटाएवढं घड्याळ बांधलं. पातेल्यावर वाकणं, डोळे मिटणं, शेंडा डावीकडे नेणं हे सगळं पूर्वीसारखंच चालू होतं, फक्त मिटल्या डोळ्यांआड आता चमचे मोजले जात होते. बघणारे तेवढ्याच भक्तिभावाने बघत राहिले. दर गुरुवारी दत्तमंदिराच्या स्वयंपाकघराची पायरी चढताना मात्र काका कनवटीचं घड्याळ चाचपून बघत. आज पकडलं जाणार, असं त्यांना दर गुरुवारी वाटे.

पकडणारा माणूसही ठरलेला होता. बसलिंगप्पा. पेठेतले शेंगदाण्याचे व्यापारी आणि दत्तमंदिराचे विश्वस्त. अंगाने पोत्यासारखे, आवाजाने लाऊडस्पीकरसारखे. गेल्या आषाढात एकदा खिरीत जायफळ जास्त झालं आणि निम्मी पंगत तिसऱ्या प्रहरापर्यंत सभामंडपात घोरत पडली. बसलिंगप्पा हसत हसत आपल्या कानडी ढंगात म्हणाले, "एन्री भटजी, नाक म्हातारं झालं काय? कॅटररवाल्याला सांगू काय पुढच्या खेपेपासून?" ते हसले, म्हणून सगळे हसले. काकाही हसले. पण मग त्यांना रात्रभर झोप लागली नाही. मूलबाळ नाही, शेत नाही. एक ते स्वयंपाकघर होतं, आणि तिथे शिरल्यावर लोक "महाराज" म्हणत. ते गेलं की उरणार काय, तर शुक्रवार पेठेतला एक सडपातळ म्हातारा.

त्यांचं गुपित एकट्या बायकोला ठाऊक होतं. शकुंतलाबाई तीस वर्षं तपकीर ओढत होत्या. त्यांच्या नाकाला तपकिरीखेरीज दुसरा कुठला वास ओळखू येत असेल, असं कुणी म्हणालं असतं तर त्या स्वतःच हसल्या असत्या. म्हणजे घरात नाकं दोन. त्यातलं एक तपकिरीने चोंदलेलं, दुसरं बेभरवशाचं.

गेले पंधरा दिवस घरात शिरताना जिन्याखाली, विजेच्या मीटरपाशी, काकांना जळक्या रबराचा वास येत होता. पहिल्या दिवशी ते थबकले.

"अगं, काहीतरी जळतंय का?"

शकुंतलाबाईंनी जिन्याखाली डोकं घालून दोनदा फुर्र फुर्र केलं. "काही नाही. तुमची ती उदबत्ती आली असेल परत."

तेही खरंच होतं. उदबत्तीचा वास अगदी असाच यायचा. काका नाकाला "गप्प बस" म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर दररोज, येताजाता, ते जिन्यापाशी मनातल्या मनात तेच म्हणत. वास काही गप्प बसत नव्हता.

अशा दिवसांत, मंदिराच्या वर्धापनदिनाच्या आदल्या दुपारी, पुतण्या अनिमेष पुण्याहून आला. पाठीवर पिशवी, पिशवीत टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेल्या दोन काळ्या बाटल्या.

अनिमेष पुण्यात एका छोट्या बिअर कारखान्यात बिअर बनवत असे. नातेवाइकांत याला "फूड टेक्नॉलॉजी" म्हणत. त्याने पलंगावर बाटल्या ठेवल्या तशा शकुंतलाबाईंनी आधी खिडकी लावली, मग पडदा ओढला, मग देवघराचं दार लोटलं.

"काकू, एवढं काय? बिअर आहे, बाँब नाही."

"बाँब परवडला. शेजारचे फक्त आवाज ऐकतील."

अनिमेषने पिशवीतून कागद काढला आणि सांगायला सुरुवात केली. त्याने एक स्टाऊट केली होती. स्टाऊट म्हणजे काळी, दाट बिअर. भाजलेल्या सातूमुळे ती कॉफीसारखी लागते. त्याने त्यात दुधातली साखर घातली होती, गूळ घातला होता, वेलदोडा, जायफळ, आणि भाजून बरंचसं तेल काढून टाकलेले शेंगदाणे. जेवणानंतर गोड म्हणून प्यायची बिअर. नाव 'पोळी स्टाऊट'.

"शेंगापोळी आहे काका ही! तुमची शेंगापोळी! मी लहानपणी मंदिराच्या पायरीवर बसून खायचो ना, ती. आठशे लिटर टाकीत तयार आहे. सोमवारी बाटल्या भरायच्या. सगळ्यांना आवडलीय. पण मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"मी घेत नाही रे बाबा."

"पिऊ नका. हुंगा. माझं काम तुमच्यासारखंच आहे. आधी बघायचं, मग हुंगायचं, मग घोट. तुमचा घोट देव घेतो एवढाच फरक."

दर गुरुवारच्या भीतीने काकांना एक दिवस आधीच गाठलं. नाही म्हणावं तर पोराला वाईट वाटणार. हुंगावं तर नाकाची परीक्षा. आणि नेमक्या त्याच वेळी दार वाजलं. बसलिंगप्पा आले होते, उद्याच्या दाण्यांचं पोतं मंदिरात पोचलं हे सांगायला. त्यांची नजर बाटल्यांवर पडली. दार लावून ते आत आले आणि खुर्चीत असे बसले की आता उठायचे नव्हते.

"औषध आहे," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"आमी बी घेतो की कधी कधी औषध," बसलिंगप्पा म्हणाले.

ग्लास द्यायला शकुंतलाबाईंनी साफ नकार दिला. घरातल्या भांड्याला लावाल तर भांडं तुमच्याबरोबर पुण्याला जाईल, म्हणाल्या. शेवटी खोकल्याच्या औषधांबरोबर आलेले प्लॅस्टिकचे चार इवले पेले सापडले, बाजूला आकडे छापलेले. अनिमेषने तोंड वाकडं केलं, पण ओतली. डांबरासारखी काळी बिअर पेल्यात उतरली आणि वर चहाच्या रंगाचा दाट फेस चढला. दुपारच्या त्या पडदा ओढलेल्या खोलीत, खोकल्याचे पेले हातात धरून चार माणसं गंभीरपणे बसली होती.

काकांनी पेला नाकापाशी नेला. डोळे मिटले. शेंडा डावीकडे.

आधी कॉफी आली. मग गूळ, कढईच्या कडेला लागून काळा होत आलेला. मग वेलदोडा, मागून जायफळ. पोराने शेंगापोळी खरोखरच बाटलीत भरली होती. काकांना क्षणभर इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आणि मग या सगळ्याच्या खालून, घुशीने बिळातून तोंड काढावं तसा एक वास वर आला. जुन्या तेलाचा. बंद डब्यात उन्हाळाभर राहिलेल्या दाण्याचा.

"खवट आहे," काका म्हणाले.

अनिमेषचा चेहरा पडला. बसलिंगप्पांचा पेला ओठापाशी थांबला.

"खवट?" ते म्हणाले. "दाणे आमच्या दुकानचे आहेत. दिवाळीनंतर पाच किलो मी स्वतः दिलेत पोराला."

हे काकांना ठाऊक नव्हतं. "तसं नव्हे अप्पा, मला आपलं वाटलं..."

"थांबा." बसलिंगप्पांनी पेला एका दमात रिकामा केला आणि पुढे केला. दुसराही रिकामा केला. "एक नंबर! खवटबिवट काही नाही. गोड आहे की! बासुंदीला नशा आणली पोराने." त्यांना नशा असलेली कुठलीही गोष्ट एक नंबर लागत असे. शिवाय दाणे त्यांचेच होते.

अनिमेषने स्वतःचा घोट तोंडात फिरवला. फिरवताना तो इतक्या आशेने छताकडे बघत होता की, त्याला बिअरमध्ये मेलेली पाल सापडली असती तरी त्याने ती वेलदोडा म्हणून गिळली असती. "मला नाही जाणवत काका. खरंच नाही जाणवत."

उरल्या शकुंतलाबाई. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा फार आशेने त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी देवघराच्या बंद दाराला हात जोडले, चमच्याभर बिअर जिभेवर टेकवली आणि विचार केला.

"लागलेल्या बासुंदीत कुणी लिमलेटची गोळी टाकलीय असं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण खवट नाही हो." मग त्यांनी तपकिरीची डबी उघडून एक चिमूट वर ओढली.

तीन विरुद्ध एक. एक दाण्यांचा मालक, एक बिअरचा बाप आणि एक तीस वर्षांची तपकीर. कुठल्याही कोर्टाने हे पंच मोडीत काढले असते. पण काकांनी निकाल मान्य केला, कारण तो त्यांनी दोन वर्षांपूर्वीच स्वतःविरुद्ध देऊन ठेवला होता.

"खरंय," ते म्हणाले. "मध्यंतरी ताप आला होता ना. नाक जरा..."

"जरा काय?" बसलिंगप्पांनी पेला खाली ठेवला. या वेळी ते हसत नव्हते. "भटजी, उद्या दीडशे पान आहे. आमदारांचे भाऊ येणार आहेत. नाक जाग्यावर आहे ना?"

"आहे, आहे."

"नसलं तर आत्ता सांगा. उद्या काही झालं, तर मी ऐकून घेणार नाही."

ते गेले. शकुंतलाबाई पेले राखेने घासायला मोरीत गेल्या, अनिमेष फोनवर बोलत गच्चीत गेला. खोलीत काका आणि अर्धी बाटली. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा बाटली तिरकी करून करंगळी तिच्या तोंडात घातली आणि जिभेवर टेकवली.

गोड. खूप गोड, दाट, रेशमासारखी. ती जिभेवरून मागे सरकली, आणि गोडवा सरल्यावर, अगदी शेवटी, घशाच्या दारात तेच. जुनं तेल. म्हणजे नाकापाठोपाठ जीभही फितूर झाली होती. काका बराच वेळ बोट हवेत धरून बसले. मग उठून त्यांनी थंड पाण्याने आंघोळ केली. उद्या सोवळ्यात जायचं होतं.

गुरुवारी पहाटे निघताना शकुंतलाबाई म्हणाल्या, "मी दुसऱ्या पंगतीला येते. बाराला गिझर लावून केस धुते नि निघते." काका "बरं" म्हणाले. जिन्याखालून जाताना वास आला. आज जरा जास्तच होता. काका नाकावर खेकसले, "पुरे झालं!" आणि रस्त्याला लागले.

मंदिराच्या मागच्या अंगणात चिमाबाई दाणे भाजत बसली होती. ती कुंभारी गावाहून यायची. भाजणं, पाखडणं हे बाहेरचं काम वर्षानुवर्षं तिचं. कढईतून वाफ वर येत होती. काका सोवळं सावरून लांब उभे राहिले, तरी वाफ त्यांच्यापर्यंत आली. खमंग, आणि खमंगाच्या खाली तोच.

काल बाटलीत होता, आज कढईत होता. काकांच्या मनात एकदा येऊन गेलं, दाणे अप्पांचे, बिअरमधलेही अप्पांचेच. पण मग त्यांना कालची खोली आठवली, छापील आकड्यांचे पेले आठवले, तिघांचे चेहरे आठवले. कोथिंबिरीला साबणाचा वास यायचा. साबणाला कांद्याचा.

"चिमाबाई, दाणे कसे आहेत गं?"

"कसं म्हंजी?" चिमाबाईने झारा थांबवला, त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि पुन्हा फिरवायला लागली. "तुमी हाय की हितं. तुमच्या नाकाम्होरं आमी काय बोलावं म्हाराज?"

काकांनी आणखी एकदा श्वास घेतला. एक दाणा उचलून तोंडात टाकला असता तर दोन सेकंदांत कळलं असतं. पण देवासाठी काढलेले दाणे. एक दाणा तोंडात गेला की पोतं उष्टं, आणि चाळीस वर्षं पाण्यात. त्यांनी बोटं मुठीत आवळली.

"चांगले आहेत," ते म्हणाले. "घ्या कुटायला."

सारण झालं. गूळ पडला, वेलदोडा पडला, जायफळ मोजून पडलं. गल्लीतल्या आठ बायका सोवळ्यात लाटायला बसल्या. कुणी चाखायचा प्रश्नच नव्हता. एकीने जरा नाक मुरडलं, शेजारणीला काहीतरी म्हणाली. शेजारीण म्हणाली, "गप गं, वेणूकाका आहेत ना." काकांनी ते ऐकलं. तव्यावर पोळ्या फुगत होत्या, तूप सुटत होतं, चळत वाढत होती, आणि चळतीबरोबर त्यांच्या छातीवरचं ओझं वाढत होतं. घंटा वाजली, पडदा ओढला, देवापुढे ताट ठेवलं. दत्ताच्या सहा डोळ्यांपैकी एकाही डोळ्यात काही दिसलं नाही.

पहिली पंगत बसली. पंचाहत्तर पानं, पानागणिक दोन शेंगापोळ्या, वर तुपाची धार. श्लोक सुरू झाला. श्लोक संपेपर्यंत पानाला हात लावायचा नाही, म्हणून दीडशे हात मांड्यांवर वाट बघत होते. मधोमध आमदारांचे भाऊ. त्यांच्या शेजारी बसलिंगप्पा, कपाळभर गंध लावून.

मागच्या दाराने अनिमेष धावत आला. पायात एकच चप्पल.

"काका! तुमचं खरं होतं!"

"काय खरं होतं?"

"काल माझा पेला खिडकीत, पडद्यामागे राहिला होता. आत्ता बघितला. गार होती, फेस होता, तोवर कळत नव्हतं. आता कोमट झाली, फेस गेला, तर नुसतं जुन्या तेलाचं डबडं आहे ते! पुण्याला फोन केला, टाकीतली काढून बघायला लावली. तीही तसलीच. काका, आठशे लिटर गेली! दाणाच खवट होता."

काकांना पुढचं ऐकू आलं नाही. नैवेद्य दाखवून झाला होता. आता चाखायला हरकत नव्हती. त्यांनी देवापुढच्या ताटातली पोळी मोडली आणि तोंडात टाकली. गोड. खमंग. त्यांनी चावलं, गिळलं आणि थांबले, गोडवा सरायची वाट बघत. बाहेर श्लोकाची शेवटची ओळ चालू होती. गोडवा सरला.

सभामंडपाच्या दारात ओलं सोवळं नेसलेला, हाडकुळा, हात वर केलेला म्हातारा दिसला तेव्हा लोकांना आधी वाटलं महाराजांच्या अंगात आलंय.

"हात थांबवा! पोळी कुणी खाऊ नका! दाणा खवट आहे!"

श्लोक मध्येच तुटला. कुणीतरी हसलं. बसलिंगप्पा उभे राहिले, आणि उभं राहताना त्यांनी आख्खी पोळी उचलली.

"कुठे खवट आहे? काल बी हेच! हे बघा." त्यांनी पाव पोळी तोंडात कोंबली आणि सगळ्या पंगतीला दिसेल अशी चावली. "गोड आहे की! एक नंबर..."

त्यांचं चावणं हळू झालं. मग थांबलं. पंचाहत्तर माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आमदारांचे भाऊ फार जवळून बघत होते. बसलिंगप्पांनी कसंबसं गिळलं, पाण्याचं फुलपात्र घशात रिकामं केलं, आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"यप्पा," ते हळूच म्हणाले. मग हळू नाही. "दाणे माझे असतील! पोत्याला पाणी लागलं असेल गोदामात, मला काय माहीत? मी व्यापारी आहे. पण नाक कुणाचं? कशासाठी ठेवलंय तुमाला हितं?"

"मला सकाळीच वास आला होता," काका म्हणाले.

"मग?"

"माझा विश्वास बसला नाही."

मागून चिमाबाई बोलली. सगळं अंगण शांत होतं म्हणून तिचं बोलणं ऐकू आलं. "मला बी आला व्हता की. पर म्हाराज गप, म्हनून मी बी गप."

"उद्यापासून स्वयंपाकघरात पाय ठेवू नका भटजी," बसलिंगप्पा म्हणाले. पोळ्या उचला, भात वाढा, आमटी वाढा असा त्यांनी ओरडा सुरू केला. लोकांनी माना खाली घातल्या. दोन वर्षं ज्या वाक्याच्या भीतीने काकांची झोप गेली होती, ते वाक्य येऊन गेलं होतं.

काका मागच्या अंगणात आले आणि वृंदावनाच्या कट्ट्यावर बसले. अनिमेष शेजारी बसला.

"काका, मी अप्पांना समजावतो. तुमचं नाक बरोबर होतं. कालही, आजही."

काकांनी मान हलवली. आणि मग, स्वयंपाकघर गेलं, नाव गेलं, तरी त्यांना आत कुठेतरी हसू फुटायला लागलं. नाक बरोबर होतं. ते कधी बरं झालं कुणास ठाऊक. गेल्या महिन्यात, गेल्या वर्षी. बिचारं इमानाने खरं सांगत होतं आणि ते त्याला गप्प बस म्हणत होते. त्यांनी खोल श्वास घेतला. शेण, ओली फरशी, झेंडू, तूप. देवळातून उदबत्तीचा वास आला. चंदनाचा. चंदनाच्या उदबत्तीला चंदनाचाच वास येत होता.

काकांचं हसू तिथेच थांबलं.

उदबत्तीला रबराचा वास येत नव्हता. किती दिवसांत आलेला नव्हता?

"किती वाजले रे?"

"सव्वाबारा. का?"

बाराला गिझर. काका उठले. आधी ते चालत निघाले. देवळाच्या कमानीपाशी त्यांनी धोतर गुडघ्यावर खोचलं. पेठेतल्या लोकांनी वेणूकाकांना पळताना कधी बघितलं नव्हतं. वाटेत दोघांनी हाक मारली, एकाने विचारलं, "काका, तूप बघायचं होतं जरा..." काका थांबले नाहीत. मागून एका चपलेवर अनिमेष येत होता.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. सकाळी जिन्याखाली होता, आता रस्त्यावर आला होता. या वेळी काका नाकाला काही बोलले नाहीत.

"शकुंतला!" त्यांनी दारातूनच हाक मारली. आतून पाण्याचा आवाज येत होता. "शकुंतला! आहेस तशी बाहेर ये! आधी बाहेर ये!"

पाणी बंद झालं. बऱ्याच वेळाने, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, साडी कशीबशी लपेटून, एका हातात तपकिरीची डबी घेऊन शकुंतलाबाई उंबऱ्याशी आल्या. काकांनी त्यांना दंडाला धरून रस्त्यावर ओढलं.

"अहो, काय झालं काय? लोक बघतायत!" त्यांनी वैतागून दोनदा फुर्र फुर्र केलं. "मला तर कसलाच वास येत नाही."

त्यांच्या पाठीमागे, जिन्याखालच्या अंधारात, मीटरची पेटी आतून लाल दिसायला लागली होती.